काट्याखालची खुंटी

तिला सगळा भाग दाबताई म्हणायचा. खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि रागावल्या की सासूबाईंच्या तोंडी यायचं. रस्त्यात कोणी त्या नावाने हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. ती कोपऱ्यावरून वळताना दिसली की एखाद्या खिडकीतून आवाज यायचा, "आई, दाबताई आली गं, लोणच्याची बरणी आत ठेव." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि वर गेल्यावर पहिला प्रश्न बरणीचाच विचारायची.

काम सांगायला सोपं होतं. सहा गल्ल्या आणि अठ्ठावन्न माणसं. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाला दोन्ही. "पाहुणे जोडीने आलेत," ती म्हणायची, "जायचे काही नाहीत, तेव्हा त्यांना नीट वागवा." महिन्यातून दोनदा प्रत्येकाच्या घरी जायचं, दंडाला पट्टा बांधायचा, कानात नळ्या घालायच्या, फुगा दाबायचा आणि गोल तबकडीवरचा काटा बघत ठोके ऐकायचे. मग रजिस्टरमध्ये वरचा आकडा, खालचा आकडा. गोळ्यांची पाकिटं मोजायची. जास्त शिल्लक असल्या की समजायचं, हा माणूस आपल्याला फसवतोय.

डॉक्टर दवाखान्यात फक्त गुरुवारी येत. अठ्ठावन्न माणसांना ते दर वेळी कुठे बघणार? ते दाबताईचं रजिस्टर बघत. तिने पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यावर ते शाईने गोळ्या लिहीत. हे तिच्या पहिल्यांदा नीट ध्यानात आलं तेव्हा तीन दिवस तिचा हात थरथरत होता. पुढे सात वर्षांत थरथर गेली, पण आकडा लिहिण्याआधी मनात देवाचं नाव घ्यायची सवय तेव्हा लागली ती राहिली.

दुसरी एक सवय होती. सकाळी घरातून निघण्याआधी ती स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून बघायची. वाणी दुकान उघडल्यावर तराजू रिकामा झुलवून बघतो, तसं. तिचा आकडा वर्षानुवर्षं एकशे वीसच्या आगेमागे असायचा. तो तसा आला की यंत्र ठीक आहे आणि आपणही ठीक आहोत, असं समजून ती चपला घालायची.

दोन महिन्यांपूर्वी तो एकशे बावन्न आला. दुसऱ्या दिवशी छप्पन्न. मग चोपन्न.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिची आई पाण्याची बादली उचलताना पडली होती आणि पुढची आठ वर्षं अर्ध्या अंगाने पलंगावर होती. बादली, सांडलेलं पाणी आणि आईचं एका बाजूला ओघळलेलं तोंड तिने स्वतः पाहिलं होतं. "गोळी घेण्यात कमीपणा कसला, चष्मा लावतोच ना आपण?" हे वाक्य ती घरोघरी सांगायची. स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा तिने ते टाळलं. तिने जेवणातलं मीठ कमी केलं, चहा एक वेळ केला, प्रार्थना थोडी लांबवली आणि वाट बघत राहिली.

आणि मग यंत्र पडलं.

ते पडलं लिफ्टवाल्या काकांच्या जिन्यात. काकांनी बत्तीस वर्षं मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि आता ते एकटेच राहत होते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. "जन्मभर लोकांना उभ्या उभ्या वर पोचवलं," ते म्हणायचे, "आता देव म्हणतो, तू चढून दाखव." गोळ्या सुरू करायला त्यांनी दाबताईला दोन वर्षं झुलवलं होतं. चालू यंत्रात हात घालायचा नसतो, हा त्यांचा धंद्यातला नियम होता आणि तो ते स्वतःच्या शरीराला लावत. शेवटी तिनेच गळ घातली, "काका, कुरकुर ऐकू आली की तुम्ही लिफ्ट पडायची वाट बघायचात का?" त्यावर ते म्हणाले, "आण गोळ्या." सकाळी एक, संध्याकाळी एक. पण त्यांनी अट घातली होती, तीन वेळा आकडा ठीक आला की संध्याकाळची बंद करायची. दोनदा ठीक आला होता.

तिसऱ्या खेपेला, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पिशवीचा बंद तुटला. यंत्र पायऱ्यांवरून टण टण करत खाली गेलं. तिने धावत जाऊन उचललं. काच शाबूत होती. काटा शून्यावर होता. तिने पदराने तबकडी पुसली, देवाचे आभार मानले आणि वर गेली.

काकांचा आकडा आला एकशे अडतीस.

"जिंकलो," काका म्हणाले. "लिही. आणि डॉक्टरला सांग, सौदा म्हणजे सौदा."

गुरुवारी डॉक्टरांनी संध्याकाळच्या गोळीवर काट मारली.

यंत्र पडलं त्याच दिवशी घरी येऊन तिने भीत भीत स्वतःला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस. तिने पुन्हा मोजलं. एकशे सव्वीस. ती तशीच, पट्टा दंडाला ठेवून, देवापुढे जाऊन बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ सोडलं, प्रार्थना केली, देवाने ऐकलं. यात शंका घ्यायला तिला जागा दिसली नाही. खरं म्हणजे तिने जागा शोधलीच नाही. फुगा दोनतीनदा दाबेपर्यंत काटा हलतच नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी जाणवलं होतं. रबर जुनं झालं असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

त्या दोन आठवड्यांत भागात जणू आनंदीआनंद झाला. जो तो खाली उतरलेला. बेकरीत काम करणारी बाई, जिचा आकडा कधी एकशे सत्तरच्या खाली आला नव्हता, ती एकशे चव्वेचाळीस. "ताई, तुमच्या हाताला गुण आहे," ती म्हणाली आणि तिने पावाची गरम लादी पिशवीत कोंबली. एक दोन जण मात्र म्हणाले की चक्कर आल्यासारखं होतं. दाबताईने त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

महिन्याच्या बैठकीला मोठ्या सिस्टरनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. मोठ्या सिस्टर म्हणजे दवाखान्याच्या मुख्य नर्स, आवाजाने करड्या आणि मनाने तशा नव्हेत. "हिच्या सहा गल्ल्या बघा. काय जादू केलीस गं?"

"कुठली जादू, सिस्टर. लोकांनी मनावर घेतलं."

मग सिस्टरनी कपाटातून नवं, बटणावर चालणारं यंत्र काढलं. ते कसं वापरायचं हे सगळ्यांना दाखवायचं होतं आणि दंड हवा होता. "ये, तूच ये, आजची नवरी." दाबताई हसत हसत स्टुलावर बसली. यंत्र घुरघुरलं, पट्टा आवळला, सुटला. समोर हिरवे आकडे उमटले: एकशे बासष्ट, खाली शंभर.

"अगं बाई," कोणीतरी मागून म्हणालं, "दिव्याखाली अंधार."

सगळ्या हसल्या. तीही हसली. "आत्ता जिने चढून आले ना," ती म्हणाली. दवाखाना तळमजल्यावर होता. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मोठ्या सिस्टरच्या आलं असावं, कारण त्या हसायच्या थांबल्या.

बैठक संपल्यावर ती औषधांच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि स्वतःच्या यंत्राने मोजलं. एकशे चौतीस. तेवढ्यात सिस्टर नवं यंत्र घेऊन आत आल्या. दाबताईने जुनं यंत्र पुढे केलं. सिस्टरनी बाही वर केली. नव्या यंत्रावर त्यांचा आकडा एकशे वीस आला. जुन्यावर ब्याण्णव.

"ब्याण्णव असते तर मी आत्ता जमिनीवर असते," सिस्टर म्हणाल्या.

अठ्ठावीस. दाबताईने वजाबाकी केली. तिने रजिस्टर उघडलं आणि पडल्याच्या तारखेपासून बोट फिरवत खाली गेली. एक्केचाळीस माणसं. प्रत्येकात अठ्ठावीस मिळवत गेलं की आनंदीआनंद पान उलटावं तसा उलटत होता. एकशे चव्वेचाळीसची बेकरीवाली एकशे बहात्तर. चक्कर येते म्हणणारे दोघे, ज्यांना तिने पाणी प्यायला सांगितलं होतं. आणि सगळ्यांत वर, पहिल्याच ओळीत, काका. एकशे अडतीस म्हणजे एकशे सहासष्ट, आणि तेही दोन गोळ्या चालू असताना. त्यानंतर एक बंद झाली होती.

"सिस्टर, मी आत्ताच जाते."

"थांब." सिस्टरनी दार पुन्हा लोटलं. "डोकं थंड ठेव. गोळ्या किती जणांच्या कमी झाल्या?"

"एकाच्या. लिफ्टवाले काका. बाकीच्यांच्या वाढायला हव्या होत्या, त्या वाढल्या नाहीत."

"मग उद्या त्यांच्याकडे जा, नवं यंत्र घेऊन. बाकीच्यांचं आठवड्याभरात पुन्हा मोज. म्हण, यंत्र बदललंय, आकड्यात थोडा फरक पडतो. एवढंच. पडलं, बिघडलं, हे घरोघर सांगत बसू नकोस. मी वर लेखी कळवते, काय उत्तर येतं ते बघू."

"पण सिस्टर..."

"पण काय? सात वर्षं लागली तुला लोकांना दंड पुढे करायला लावायला. आज सांगशील की मशीन चुकलं, उद्या निम्मे म्हणतील, गोळ्याही चुकल्याच असतील. टाकून देतील. मग कोण मरेल? तू नाही, मी नाही." त्यांनी जुन्या यंत्राकडे बघून कपाटाकडे बोट केलं. "आणि वरून आधी विचारतील, पडल्यावर तपासून का नाही घेतलं. काय सांगशील?"

त्याचं उत्तर दाबताईकडे होतं, पण ते असं खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी तिने भाजीत दोनदा मीठ टाकलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "जगाला सांगते मीठ खाऊ नका. सगळं आमच्यासाठी राखून ठेवलंस होय?" ती पाणी वाढायला लागली तेव्हा सासूबाईंनी मान वर करून बघितलं. "काय झालं गं?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

"मोज की मग तुझं ते. यंत्र पिशवीत आहे ना?"

यंत्र पिशवीत होतं. सिस्टरनी कपाटात ठेवायला सांगितलं होतं आणि सवयीने ती नव्याबरोबर तेही घेऊन आली होती. ती मोजत नाही म्हटल्यावर सासूबाई पुटपुटत राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच उठून भाजीत पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ती नेहमीपेक्षा तासभर आधी निघाली. डॉक्टर अकरा ते दोन बसत. त्याआधी काकांना खाली आणायचं, एवढंच डोक्यात होतं. जिना चढताना ती सिस्टरचं वाक्य पाठ करत होती. यंत्र बदललंय, थोडा फरक पडतो. यंत्र बदललंय, थोडा फरक पडतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथून ते पडलं होतं, तिथे ती न थांबता गेली.

दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आत कुठेतरी नळ चालू होता. भांड्यात पाणी भरून सांडत असावं तसा आवाज. काका नळ कधी असा सोडत नसत. ठिबकणारा नळ दिसला तर दुसऱ्याच्या घरी उठून वॉशर बदलणारा माणूस. तिच्या डोळ्यांसमोर बादली आली. सांडलेलं पाणी आलं. तिने दारावर दोन्ही तळहात मारले. "काका. काका, मी आहे. दार उघडा."

नळ बंद झाला. सपातांचा आवाज आला, फार सावकाश. दार उघडलं. काका उभे होते, कपाळावर ओला पंचा धरून. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात रक्ताचा लाल डाग होता.

"माझा मंगळवार," ते म्हणाले. "आज काय वाट चुकलीस?"

"बसा आधी. डोळ्याला काय झालं?"

"काही नाही. रात्री चोळला असेल. चार दिवस डोकं धरलंय, पाण्याखाली धरलं की बरं वाटतं."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, नवं यंत्र काढलं. हात सरावाने चालत होते, पण पट्टा नीट बसेना. "बोलू नका. हात सैल सोडा." यंत्र घुरघुरलं. आकडे आले, एकशे अठ्ठ्याण्णव. खाली एकशे चौदा. तिने पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. एकशे शहाण्णव.

"काका, हसून दाखवा."

"हसण्यासारखं काय आहे?"

"असू दे, दाखवा. दात दाखवा."

त्यांनी दात दाखवले. तोंड दोन्हीकडे सारखं गेलं. तिने दोन्ही हात वर धरायला लावले, डोळे मिटायला लावले. हात जागच्या जागी राहिले. तिने पट्टा सोडवला. "चला. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. सकाळची गोळी घेतली ना?"

"कुठली गोळी?"

"सकाळची."

"ती पण सोडली," काका म्हणाले. "संध्याकाळची तुम्हीच काढलीत. म्हटलं, एका केबलवर लिफ्ट चालते म्हणजे दुसरीही उगाच होती. अकरा दिवस झाले. कुठे काय झालं? तू म्हणालीस ना, एकशे अडतीस."

ती खुर्चीच्या काठावर बसली. तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच होतं, तयार. ते बोललं असतं तर काकांनी कदाचित कुरकुरत गोळी घेतलीही असती.

"नवीन खेळणं आणलंयस," काका म्हणाले. "हे एकशे अठ्ठ्याण्णव म्हणतंय, ते एकशे अडतीस म्हणत होतं. आम्ही कुणाचं ऐकायचं? उद्या तिसरं आणशील. मी काही येत नाही खाली. चार मजले."

"काका, जुनं चुकीचं दाखवत होतं."

"कधीपासून?"

"तुमच्या जिन्यात पडलं त्या दिवसापासून. तुमच्यावरच पहिल्यांदा वापरलं."

काकांनी कपाळावरचा पंचा काढला. "म्हणजे दोन आठवडे. कोण खोटं बोललं, यंत्र का तू?"

"आधी यंत्र," ती म्हणाली. "नंतर मी."

त्यांचा लाल डोळा बघवत नव्हता. मग त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे ते."

"काका, आत्ता नको. आधी डॉक्टर..."

"आण म्हणतो ना."

तिने पिशवीतून जुनं यंत्र काढून दिलं. काका टेबलाजवळ गेले, खण उघडला, चष्मा चढवला, घड्याळजीसारखा बारीक पेचकस घेतला. दाबताई त्यांच्या मागे उभी. ते काचेच्या कडेचे स्क्रू फिरवत होते आणि ती त्यांच्या मानेवरची शीर बघत होती. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव, तिच्या डोक्यात चाललं होतं. हा माणूस आत्ता कोसळला तर एकटीने कसं उचलायचं, जिन्यावरून कसं न्यायचं, कुणाला हाक मारायची. देवा, दहा मिनिटं. दहा मिनिटं धर याला.

"हे बघ." काच निघाली. शून्याजवळ तबकडीत रोवलेली एक छोटीशी खुंटी होती, टाचणीच्या डोक्याएवढी. काटा तिच्यावर टेकला होता. काकांनी पेचकसाच्या टोकाने काटा हलकेच उचलून खुंटीच्या वरून सोडला. काटा खाली घसरला आणि शून्याच्या बराच मागे जाऊन थांबला.

"त्याला खरं म्हणजे तिथे जायचं होतं. खुंटी आडवी आली म्हणून शून्यावर बसलेला दिसला. लिफ्टमध्ये असंच असतं. दिवा सांगतो तळमजला आणि डबा लटकतोय दोन हात खाली. फुगा दाबलास की सुरुवातीला काटा हलायचा नाही, हो ना?"

"हो."

"दिसलं होतं तुला?"

"हो."

"मग पडल्या दिवशी दुसऱ्या यंत्राशी ताडून का नाही बघितलंस? सात वर्षं काम करतेस. तू काही मूर्ख नाहीस."

हाच प्रश्न होता. काल खोलीत सिस्टरनी विचारला तेव्हा तिने गिळला होता.

"कारण माझाही आकडा उतरला होता," ती म्हणाली. "दोन महिने माझा दीडशेच्या वर होता काका. मी कुणाला बोलले नाही. यंत्र पडलं आणि एकशे अठ्ठावीस झाला. मला वाटलं देवाने ऐकलं. मला ते खोटं निघायला नको होतं." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणून नाही बघितलं."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं, तिचा टिक टिक आवाज येत होता. काका पेचकस पुसून खणात ठेवत होते आणि तिची नजर पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. साडेदहा.

"खरा किती आहे तुझा?"

"एकशे बासष्ट. काल."

"गोळी?"

"नाही घेत."

"डॉक्टर?"

"नाही दाखवलं."

"शाबास," काका म्हणाले. "आणि मला सांगतेस कुरकुर ऐक." त्यांनी पाय सपातांमधून काढून बुटात घातले. "चल. पण एक सांगतो. तू त्या डॉक्टरपुढे दंड ठेवलास तर मी ठेवीन. मागे सरलीस तर मी आलो तसा वर येईन आणि परत दार उघडणार नाही. सौदा?"

"सौदा," ती म्हणाली.

चार मजले उतरायला पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर तिने त्यांना बसवलं. ती एक पायरी पुढे, त्यांचा हात तिच्या खांद्यावर, म्हणजे पडले तर तिच्यावर पडतील. दुसऱ्या मजल्यावर ते थांबून म्हणाले, "इथेच पडलं का ते?" ती हो म्हणाली. "या पायरीचा कोपरा मी तीन वर्षांपूर्वी दुरुस्त करणार होतो," ते म्हणाले आणि पुढे उतरले. रस्त्यात बेकरी लागली. काउंटरमागून बेकरीवाली हात हलवत होती, लाल गालांची, घामाघूम, भट्टीतून नुकती बाहेर आलेली. एकशे बहात्तर, दाबताईच्या मनात आलं. तिने हात हलवला नाही. तोंडाजवळ हात नेऊन ओरडली, "भट्टीजवळ आज जाऊ नका. मी दुपारी येते. जुन्या यंत्राने चूक केली, तुमचाही आकडा चुकीचा सांगितलाय." बेकरीवालीचा हात हवेतच राहिला. तिचा चेहरा कसा झाला ते बघायला दाबताई थांबली नाही. थांबायला वेळ नव्हता, आणि धीरही नव्हता.

दवाखान्यात बाकांवर गर्दी होती. काकांना बघून डॉक्टरांनी लगेच आत घेतलं, गोळी दिली, तासभर आतल्या खाटेवर पडून राहायला सांगितलं आणि दोन्ही गोळ्या पुन्हा लिहिल्या. मग काकांनी खाटेवरूनच हाक मारली, "पोरी." दाबताईने रजिस्टर उचललं; बाकीची घरं करायची आहेत म्हणून निसटता येईल असं तिला वाटलं. पण काका उठून बसू लागले, तेव्हा ती मुकाट्याने बाहेर गेली आणि रोग्यांच्या बाकावर जागा शोधून बसली. शेजारच्या म्हातारीने तिला वर खाली न्याहाळलं. "दाबताई, तुम्ही आज या बाकावर?"

"हो आजी. माझा नंबर आहे."

"तुम्हालाही होतं व्हय?"

"होतं."

म्हातारीने विचार केला आणि जरा सरकून तिला जास्त जागा दिली.

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी बाकाकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या रजिस्टरकडे पाहिलं. एक्केचाळीस ओळींवर पेन्सिलीने एकच मोठी रेघ ओढलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'मोजणी चुकीची, पुन्हा करायची.'

"सांगितलंस तर."

"सांगितलं, सिस्टर."

"काय म्हणाले?"

"शिव्या दिल्या नाहीत. बाकीचे देतील."

"देतीलच." सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भिंतीवरच्या तुझ्या तक्त्याचं काय करायचं ते मी बघते. एकटीने एक्केचाळीस घरं आठवड्याभरात होणार नाहीत. शेवटच्या तीन गल्ल्या मला दे. शिव्या मला पाठ आहेत."

तिचा नंबर लागला तेव्हा पावणेदोन वाजले होते. खाटेवर काका अजून होते. त्यांचा आकडा आता एकशे चौऱ्याहत्तर होता आणि त्यांचा लाल डोळा तिच्यावर होता. ती स्टुलावर बसली. बाही वर करताना तिच्या बोटांना तीच थरथर होती, पहिल्या वर्षीची. सिस्टर नवं यंत्र घेऊन पुढे झाल्या. पट्टा दंडाभोवती गुंडाळला गेला. तो असा घट्ट लागतो, हे ती सात वर्षं लोकांना 'काही होत नाही' म्हणून सांगत आली होती.

"सिस्टर, काल मी जिने चढून..." तिने सुरुवात केली.

"बोलू नकोस," काका खाटेवरून म्हणाले. "हात सैल सोड."

तिने हात सैल सोडला. यंत्र घुरघुरू लागलं. तिने मनात देवाचं नाव घेतलं. आकडा खाली यावा असं मागायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते मागितलं नाही. खरा असू दे, एवढंच म्हणाली, आणि डोळे उघडे ठेवून आकड्यांकडे बघत राहिली.